‘ख्रिश्चन की कॅथलिक?’ आणि ‘मंडळी’चं अनेकवचन

विट्याजवळच्या एका शाळेतल्या बाईंनी प्रश्न पाठवला आहे. प्रवेशाचे अर्ज भरताना धर्माच्या रकान्यात एका पालकाने ‘ख्रिश्चन’ लिहिलं, दुसऱ्याने ‘रोमन कॅथलिक’. यादी करणाऱ्याने ते दोन वेगळे धर्म धरले. बाई विचारतात, की ‘तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?’ असं मराठीत विचारणं बरोबर आहे का? आणि कॅथलिक, प्रोटेस्टंट, मेथडिस्ट या सगळ्यांना मिळून मराठी शब्द कोणता: पंथ, संप्रदाय, शाखा की पोटजात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ‘तुम्ही हिंदू की वारकरी?’ असं कोणी विचारलं तर जसं खटकेल तसंच हे. कॅथलिक हे ख्रिस्तीच, आणि जगभरच्या ख्रिस्ती लोकांत निम्म्याच्या आसपास तेच आहेत. तरी ही चूक सांगली-साताऱ्यात सर्रास ऐकू येते, ती का हे बघण्यासारखं आहे. कोकणपट्टीत पोर्तुगीजांबरोबर ‘किरिस्ताव’ हा शब्द आला, तो तिथल्या कॅथलिकांना लागला. घाटावर ‘ख्रिश्चन’ हा इंग्रजी शब्द रुळला तो प्रामुख्याने प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या काळात. त्यामुळे इकडच्या कानाला ‘ख्रिश्चन’ म्हणजे मिशन हॉस्पिटलवाले आणि ‘कॅथलिक’ म्हणजे गोव्या-मंगळुराकडून आलेले, अशी वाटणी झाली असावी, असं मला वाटतं. मराठी ख्रिस्ती माणसाला विचाराल तर तो स्वतःला बहुधा ‘ख्रिस्ती’च म्हणेल. अर्जावरही तोच शब्द हवा.

आता दुसरा प्रश्न. पोटजात हा शब्द सोडून द्या, तो इथे चुकीचाच आहे. शाखा म्हटलं की बँक आठवते. उरले पंथ आणि संप्रदाय. पंथ म्हणजे वाट. नाथपंथ, महानुभाव पंथ म्हणताना कोणीतरी दाखवलेली आणि आपण धरलेली वाट डोळ्यांपुढे येते. संप्रदायात ‘दा’ धातू आहे: हातातून हातात देत आलेलं. बिशपपद प्रेषितांपासून अखंड चालत आलं असं कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स लोक मानतात, त्यांना हा शब्द अर्थाने जवळचा आहे. पण आपण अनेकांतला एक संप्रदाय आहोत हे रोमला मान्य होणार नाही. ‘कॅथलिक’ या ग्रीक शब्दाचा अर्थच सार्वत्रिक, सगळ्यांना धरून असलेलं. गंमत अशी, की मिरजेच्या प्रोटेस्टंट उपासनेत विश्वास बोलून दाखवतात तेव्हा ‘पवित्र सार्वत्रिक मंडळी’ असं म्हणतात, म्हणजे तोच शब्द मराठीत म्हणतात.

मला मनापासून आवडतो तो हा ‘मंडळी’ शब्द. मिरजेत लहानपणी आमच्या शेजारी मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी केलेल्या एक आजी राहायच्या. रविवारी सकाळी पांढरं पातळ नेसून, कापडी पिशवीत बायबल आणि चष्म्याची डबी घालून निघायच्या आणि जाताना आईला हाक मारायच्या, “वहिनी, देवळात जाऊन येते.” त्या गणपतीच्या देवळात जातात असंच मी कितीतरी दिवस समजत होतो. त्यांच्या बोलण्यात इमारत म्हणजे देऊळ आणि माणसं म्हणजे मंडळी. ‘आज मंडळी फार जमली होती’, ‘मंडळीत ठरलंय’. इंग्रजीत एकाच ‘चर्च’ शब्दाला ही दोन्ही ओझी वाहावी लागतात. आजींच्या मराठीत ती वेगळी होती, आणि ‘चर्च’ हाच शब्द सगळीकडे वापरून आपण ती सोय घालवतो आहोत याचं मला वाईट वाटतं.

बायबलाचं मराठी भाषांतर करणाऱ्यांनी ग्रीक ‘एक्लेसिया’साठी मंडळी हा शब्द घेतला. एक्लेसिया म्हणजे बोलावून जमलेला समुदाय. घरची मंडळी, पाहुणेमंडळी, ‘चला मंडळी, पानं वाढलीत’ यातला शब्द तोच. फरक एवढाच, की एरवीच्या बोलण्यात आपण त्याचं अनेकवचन करत नाही. किती का माणसं असेनात, मंडळी आली ती एकच. ख्रिस्ती मराठीत मात्र ‘मंडळ्या’ होतात. प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातल्या सात मंडळ्यांना पत्रं आहेत: इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा सात गावांच्या. हे अनेकवचन गावांचं आहे. मतांवरून पडलेल्या मंडळ्या नंतरच्या: 451 साली खाल्सेदोनच्या परिषदेनंतर आर्मेनियन, कॉप्टिक वगैरे पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्या निराळ्या राहिल्या, 1054 मध्ये रोम (कॅथलिक) आणि कॉन्स्टँटिनोपल (ऑर्थोडॉक्स) यांच्यात फाटलं, आणि 1517 मध्ये मार्टिन लूथरने जर्मनीत वाद उभा केला. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव त्यानंतर 1529 मध्ये श्पायरच्या सभेत नोंदवलेल्या निषेधावरून पडलं.

सातारा-सांगलीकडे तर गोष्ट पुन्हा गावांवर आली. मिशनांनी मुलूख आपापसांत वाटून घेतले होते. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन होतं, ते काँग्रिगेशनल. त्यांच्याकडे मंडळीचा कारभार मंडळीच पाहते. मिरजेला 1894 मध्ये दवाखाना उभारणारे डॉ. वानलेस प्रेस्बिटेरियन. वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. ग्रीकमध्ये ‘प्रेस्बुतेरॉस’ म्हणजे वयाने मोठा. मराठी बायबलात ‘वडील’, आणि कारभार या वडिलांच्या हाती. महाबळेश्वर-पाचगणीला इंग्रज साहेब उन्हाळा काढायचे, तिथे अँग्लिकन, म्हणजे बिशपवाले. यातली पहिली दोन नावं कारभार कोणी पाहायचा यावरून पडली आहेत, ‘अँग्लिकन’ मात्र इंग्लंडवरून. म्हणून ‘पंथ’ इथे थोडा अडखळतो. साताऱ्याचं एखादं घर काँग्रिगेशनल झालं आणि मिरजेचं प्रेस्बिटेरियन, यात वाट निवडण्यापेक्षा गावात कोणतं मिशन आलं याचाच भाग मोठा होता.

हे दोघे 1924 मध्ये एक झाले. मग 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट आदींसह सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यालाच लोक सीएनआय म्हणतात. साताऱ्याला याच्याही आधी, 1917 मध्ये, कवी नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या येशूभक्तांनाही त्यात जागा होती. त्यासाठी त्यांनी पंथ, संप्रदाय हे शब्द बाजूला ठेवून दरबार निवडला, ही शब्दांची जाण मला मोठी वाटते.

या सगळ्यांचं आपसांत नातं काय, असंही बाईंनी शेवटी विचारलंय. त्याला आपल्याकडचा नेमका शब्द भावकी. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 च्या दस्तऐवजात इतर ख्रिस्ती लोकांना विभक्त झालेले बंधू म्हटलं. खेड्यात चुली वेगळ्या, सातबारा वेगळा, तरी सुतक सगळ्यांना लागतं, तसं हे. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन एकमेकांचा मानतात, पुन्हा देत नाहीत. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा बाप्टिस्टांना मान्य नाही, आणि मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) तो विधीच नाही. पंगत मात्र अजून एक नाही: प्रभुभोजनाची भाकर कॅथलिक वेदीवरून सहसा फक्त कॅथलिकांना मिळते. 1054 चे परस्परांवरचे बहिष्कार रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी 1965 मध्ये मागे घेतले, तरी या दोन घरांचीही पंगत अजून एक झालेली नाही.

तर बाई, धर्माच्या रकान्यात दोघांचंही ‘ख्रिस्ती’ लिहा. इतिहासाच्या तासाला कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट यांना ‘पंथ’ म्हणायला हरकत नाही, तो शब्द आता रुळला आहे. समोर माणूस बसला असेल तेव्हा मात्र ‘कुठल्या मंडळीचे?’ असं विचारा. शेजारच्या आजींना मी मोठेपणी हेच विचारलं होतं. प्रेस्बिटेरियन किंवा सीएनआय असं काहीतरी ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “मिरजेच्या.”