मागच्या सीटवरचं पोरगं नाटक करत नाही

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही अमळनेरचे. माझं माहेर छत्रपती संभाजीनगरला. वर्षातून चार-पाच वेळा पारोळा, चाळीसगाव करत कन्नडचा घाट चढावाच लागतो. मोठा मुलगा सात वर्षांचा आहे. चाळीसगाव मागे पडलं की तो गप्प होतो आणि घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर ओकतो. धाकटी दीड वर्षाची, तिला काहीच होत नाही. कंटाळू नये म्हणून त्याला मोबाइल देतो, ढाब्यावर पोटभर खाऊ घालतो, तरी तेच. मागे दोनदा मी त्याला पुढे मांडीवर घेऊन बसले, तेव्हा उलटी झाली नाही. त्यामुळे त्याचे वडील म्हणतात, "नाटकं करस हाऊ पोऱ्या." सासूबाई निघताना सीटवर पेपर अंथरतात आणि हातात लिंबू देतात. गोळी द्यावी का?

उत्तर : आधी त्याच्या वडिलांना सांगा की पोऱ्या नाटक करत नाही. पुढे बसल्यावर बरं वाटलं, हाच त्याचा पुरावा आहे. पुढून त्याला रस्ता दिसत होता, मागून तो दिसत नाही.

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारं एक यंत्र असतं. गाडी वळली, उसळली, ब्रेक लागला, की ते मेंदूला लगेच कळवतं. मागच्या सीटवर सात वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर काय असतं? पुढच्या सीटची पाठ. हल्लीच्या गाड्यांच्या मागच्या काचा उंचावर असतात, म्हणजे बाजूलाही दारच. डोळे म्हणतात आपण घरात बसलोय, कान म्हणतात गरागरा फिरतोय. या भांडणात मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. ज्यांच्या कानातलं हे यंत्र मुळातच काम करत नाही, त्यांना गाडी लागतच नाही. म्हणून वाटेत काय खाल्लं, याच्या आधी मी त्याला काय दिसत होतं ते विचारते.

आणि तुम्ही त्याच्या हातात मोबाइल देता! घाटात मोबाइल म्हणजे डोळ्यांना खिळा ठोकून ठेवणं. पुस्तक, चित्रवही यांचंही तेच. गाडी सुटली की मोबाइल तुमच्या पर्समध्ये गेला पाहिजे. गाणी लावा, गोष्ट सांगा, भेंड्या खेळा, पण त्याची नजर लांब, रस्त्याकडे हवी.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. त्यांच्या मागच्या पहिल्या सीटवर बसले की काही व्हायचं नाही. एकदा मैत्रिणींबरोबर शेवटच्या बाकावर बसायचा हट्ट केला आणि घाट संपेपर्यंत सगळ्यांच्या पिशव्या मीच भरल्या. मागच्या चाकांच्याही मागे असलेला तो बाक झोपाळ्यासारखा हलतो, हे वडिलांनी नंतर सांगितलं. त्यांना स्वतःला कधीच गाडी लागली नाही. स्टेअरिंग ज्याच्या हातात असतं, त्याला वळण येण्याआधीच कळलेलं असतं. तुमच्या यजमानांना लागत नाही, त्यात त्यांच्या पोटापेक्षा स्टेअरिंगचा वाटा मोठा. एकदा त्यांना घाटात मागे बसवून मोबाइलवर हिशेब करायला सांगा. मी पन्नाशीची आहे, आजही नवरा गाडी चालवत असताना मेसेज वाचला की मला लिंबू लागतं.

पण मांडीवर घेऊन पुढे बसणं आजपासून बंद. या बाबतीत मी ऐकून घेणार नाही. धडक बसली तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही आणि मोठ्या माणसासाठी बनवलेली एअरबॅग मुलाच्या तोंडावर, मानेवर फुटते. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर 1,000 रुपये दंडही आहे, पण दंडाचं सोडा, मानेचं बघा. मुलगा मागेच बसेल, फक्त उंच बसेल. पट्टा नीट बसावा म्हणून जी बूस्टर सीट मिळते, तिने तो चार बोटं वर येतो आणि काचेतून बाहेर दिसू लागतं. उशी ठेवू नका, ब्रेक मारला की ती सरकते. तुमच्या गाडीत मागे मधल्या जागेवरही खांद्यावरून येणारा पट्टा असेल आणि बूस्टर तिथे घट्ट बसत असेल, तर ती जागा उत्तम, कारण तिथून थेट समोरची काच दिसते. फक्त पोटावरचा पट्टा असेल तर तिथे नको.

धाकटीचं म्हणाल, तर दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा गाडी लागत नाही. दोन ते बारा हे त्रासाचं वय. म्हणजे तिचा नंबर अजून लागायचा आहे, आनंद करून ठेवा.

आता ढाबा. तिखट शेवभाजी, वर तर्री आणि मग घाट, हे मोठ्यांनाही झेपत नाही. उपाशीही नेऊ नका. निघण्याआधी तासभर अर्धी दशमी, वाटेत घोट घोट पाणी, बस्स. पहाटे निघालात तर ऊन नसतं आणि पोरगं झोपतं. झोपेत त्रास बराच कमी होतो. गाडीतला तो गोड वासाचा डबा काढून टाका. काच थोडी खाली घ्या. आणि चालवणाऱ्याला सांगा, मागच्या सीटवर दुधाचं भरलेलं पातेलं ठेवलंय असं समजून वळणं घ्यायची.

तो गप्प होतो, हे तुम्ही अचूक टिपलंय. गप्प होणं, जांभया, चेहरा पांढरा पडणं, थुंकी गिळत राहणं, कपाळावर गार घाम. उलटी याच्या नंतर येते. म्हणून घाटाच्या आधी, खाली सपाटीवरच गाडी थांबवा आणि दहा मिनिटं पायी फिरवा. वळणावर थांबायची वेळ आणू नका.

गोळी : हे सगळं करूनही त्रास झाला, तरच. प्रोमेथाझिन जातीचं औषध दोन वर्षांखालच्या मुलाला अजिबात द्यायचं नाही, श्वास मंदावू शकतो. त्याहून मोठ्या मुलांनाही वजन बघून, आपल्या डॉक्टरांना विचारूनच. गोळी निघण्याआधी द्यायची असते, ओकायला लागल्यावर देऊन उपयोग नाही. काही मुलं तिने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात. तापात उलट्या होतात म्हणून घरात जे ऑन्डान्सेट्रॉन पडलेलं असतं, ते गाडी लागण्यावर फारसं चालत नाही.

लिंबू राहू द्या, वासाने बरं वाटतं. पेपर अंथरल्याने उलटी थांबत नाही, पण सीट वाचते, तेव्हा सासूबाईंना काही बोलू नका. एक मात्र लक्षात ठेवा : गाडीत नसतानाही उलट्या होत असतील, सकाळी उठताच डोकं दुखून ओकत असेल किंवा चालताना झोक जात असेल, तर ते गाडी लागणं नव्हे. लगेच दाखवा.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा आहे. तोरणमाळला जाताना गाडीत ओकला. आता शहाद्यातच, गाडी सुरू व्हायच्या आधी "आजोबा, मळमळतंय" म्हणतो. हे मनाचं आहे का?

उत्तर : मनाचंही आहे आणि नाकाचंही. उलटीचा वास सीटमध्ये मुरलाय, तो त्याला आठवण करून देतो. खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी झटकून काढा, पट्ट्याच्या खाचाही पुसा. गाडी दिवसभर दारं उघडी टाकून उन्हात ठेवा, आपल्याकडे उन्हाला काय तोटा! मग त्याला आधी गावातल्या गावात, पाच-दहा मिनिटं फिरवून आणा. "होतंय का रे मळमळ?" असं सारखं विचारू नका. बहुतेक मुलांचा त्रास मोठेपणी कमी होतो, काहींचा माझ्यासारखा राहतो. पुढच्या वेळी सातपुडा चढायला लागलात की पैज लावा : यशवंत तलाव आधी कोणाला दिसतो. आणि तुम्ही हरा.