बाईकचा कूलंट घरी फ्लश करून बदलता येतो का? साधं पाणी घातलं तर चालतं का?

प्रश्नकर्त्याची पल्सर एनएस २०० आहे, ३२,००० किमी झालीय आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) एकदाही बदललेला नाही. माझीही हीच गाडी. घरी फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, बदलता येतो, तासा-दोन तासांचं काम आहे. पण "साधं पाणी चालतं का" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच प्रश्नावर आमच्या घरी अजून भांडण चालू आहे.

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी घाटात गेली. त्यांचं म्हणणं, "रेडिएटरला आयुष्यभर पाणीच पाजलं. कूलंट बर्फातल्या लोकांसाठी. ओतूरला काय बर्फ पडतं?" लॉकडाऊनमध्ये मी कल्याणहून गावी गेलो आणि गाडी दीड वर्ष तिथेच राहिली. कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली दिसली की अण्णा मला न सांगता बोअरचं पाणी ओतायचे. आमच्या बोअरचं पाणी असं की गीझरच्या रॉडवर वर्षभरात पांढरं कवच चढतं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं कल्याणहून गावी निघालो. मुरबाड सोडल्यापासून पंखा बंद व्हायचं नाव घेईना. मला तेव्हाच कळायला हवं होतं. टोकावडे गेलं, माळशेज चढायला लागलो आणि अर्ध्या घाटात तापमानाचा दिवा लागला. भर दुपारी बारा वाजता, आडोशाला एक झाड नाही. अण्णा उतरले आणि म्हणाले, "पाणी कमी झालं असेल." मी म्हटलं, तुमच्या पाण्यानंच झालंय, थांबा दाखवतो. आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. अण्णा ओरडले, "अरे गाडी निवू दे! फडकं तरी टाक त्यावर!" ऐकतोय कोण. वाफेचा फवारा थेट मनगटावर आला. डाग अजून आहे. तेवढ्यापुरते अण्णा बरोबर होते, हे इथे लिहून ठेवतो. गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडू नका.

आतून तांबूस गढूळ पाणी निघालं, चहाच्या गाळासारखं. त्यांच्या बसला पाणी चाललं कारण तिचं इंजिन बिडाचं, रेडिएटर कपाटाएवढा आणि डेपोत त्याची साफसफाई व्हायची. आपल्या गाडीचं हेडही (इंजिनचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं आणि रेडिएटरही, त्यात नळ्या बारीक. जड पाण्यातला क्षार नेमका सगळ्यात गरम भिंतीवर बसतो आणि उष्णता बाहेर पडायची वाट अडवतो. शिवाय नुसतं पाणी ॲल्युमिनियम खातं. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात ती यासाठीच. आणि बर्फाचं म्हणाल तर पाणी १०० अंशांना उकळतं, कूलंट आणि पाण्याचं अर्धं-अर्धं मिश्रण साधारण १०७ ला. झाकणाच्या दाबामुळे हा आकडा आणखी वर जातो. म्हणजे कूलंटची गरज मुरबाडच्या उन्हातही तेवढीच आहे.

आता तुमचं काम. गार गाडी, पाण्याच्या पंपाच्या कव्हरवरचा खालचा बोल्ट, खाली टब. बोल्ट काढला की मग झाकण उघडा, धार जोरात येते. बाजूची बाटलीही रिकामी करा, तिला सगळे विसरतात आणि जुनी घाण परत आत जाते. मग बोल्ट परत लावा, डिस्टिल्ड वॉटर भरून पंखा लागेपर्यंत इंजिन चालवा. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडणारी झडप) उघडला नाही तर पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही, आणि दोन मिनिटं चालवून ओतून दिलं की त्याला लोक फ्लश म्हणतात. गार करा, ओता, पुन्हा भरा. स्वच्छ निघेपर्यंत हेच. मला चार वेळा करावं लागलं, तुमचं दोनदात होईल. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणा. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. व्हिनेगरचे व्हिडिओ बघून ॲल्युमिनियमवर आम्ल ओतू नका.

बोल्टचा वॉशर नवा टाका. कूलंट हळूहळू भरा, होज (रबरी नळी) दाबत राहा, गाडी डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे हवा निघेल. झाकण उघडं ठेवून थोडा वेळ इंजिन चालवा, पातळी बसली की भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली पुन्हा बघा, थोडी उतरलेली असतेच. हिरवा की लाल, यावर वाद घालू नका, तो नुसता रंग आहे. मॅन्युअलमध्ये जो प्रकार दिलाय तो घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. रंग छान दिसतोय म्हणून कूलंट चांगला आहे असंही नाही. गंजरोधक संपलेलं दिसत नाही.

एक राहिलं. निघालेला कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. तो गोड लागतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आणि इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल तर फ्लशच्या भानगडीत पडू नका, थेट मेकॅनिककडे जा. गॅस्केट (इंजिनच्या जोडातली पट्टी) किंवा पंपाचं सील गेलेलं असू शकतं.

रस्त्यात कूलंट गळून गेला आणि जवळ काहीच नसेल, तर गाडी गार झाल्यावर मिळेल ते पाणी घाला, इंजिन जाम होण्यापेक्षा बरं. घरी पोचून फ्लश करा. हे वाचून अण्णा म्हणणार, "मग मी काय वेगळं केलं?" तुम्ही ते दीड वर्ष आत ठेवलंत, अण्णा.