पंचविशीची अट कुणी घातली?

नमस्कार काका,

तुमचं पत्र वाचलं. मुलाला बारावी सायन्सला ५८ टक्के पडले, याचं मला काही वाटलं नाही. पण पंचविशीपर्यंत सिनेमाचा डायरेक्टर झालो नाही तर निमूट दुकानात बसेन असं तुम्ही पोराकडून चक्क स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंत, वर आईची साक्षीदार म्हणून सही, हे वाचून खरंच वाईट वाटलं. अहो, घरातल्या मुलाशी कोण करारनामा करतं? आता तो काहीही शिकायला गेला तरी डोक्यात ती तारीखच राहणार, आणि उद्या कुठे अडकला तर तुम्हाला सांगणार नाही, लपवेल. मला त्याची जास्त भीती वाटते. तो कागद फाडा, त्याच्यासमोर फाडा.

आणि पंचविशी आणली कुठून? गॉडझिला हा राक्षसाचा जपानी सिनेमा बघून त्याला हे वेड लागलं ना, मग तो सिनेमा करणाऱ्या इशिरो होंडांचंच बघा. १९३३ला बाविसाव्या वर्षी स्टुडिओत लागले, मधे तीनदा सैन्यात जावं लागलं, चीनमधून परतले ते १९४६ला, आणि आल्यावर पुन्हा असिस्टंटच. १९४९ला अकिरा कुरोसावा या मोठ्या जपानी डायरेक्टरच्या सिनेमासाठी टोकियोच्या काळ्या बाजारात फिरून शूट करून आणायचं काम यांच्याकडे. स्वतःचा पहिला फीचर १९५१ला, म्हणजे चाळिशीत. गॉडझिला १९५४. १९७१ला टीव्हीवर अल्ट्रामॅन या जपानी सुपरहिरो मालिकेचे एपिसोड केले, आणि सत्तरीला टेकल्यावर परत कुरोसावांच्या सेटवर मदतीला गेले.

आता एक मोठा गैरसमज. राक्षस, कोसळणाऱ्या बिल्डिंगी हे सगळं डायरेक्टरच करतो असं तुम्ही दोघंही धरून चाललाय. गॉडझिलात ती बाजू एइजी त्सुबुरायांच्या टीमची होती, सूट घातलेला माणूस, छोट्या बिल्डिंगी, हालचाल जड वाटावी म्हणून जास्त स्पीडने चालवलेला कॅमेरा, म्हणजे पडद्यावर स्लो मोशन. होंडांनी माणसांचे सीन केले. तुमचा मुलगा गच्चीवर पुठ्ठ्याच्या बिल्डिंगी बांधतो, खिडक्यांना जिलेटिन पेपर लावतो, मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाडतो असं तुम्हीच तक्रार म्हणून लिहिलंय, पण त्याने कधी गोष्ट लिहिली, मित्रांकडून ॲक्टिंग करून घेतली असं पत्रात कुठेच नाही. माझं स्पष्ट मत, त्याला डायरेक्शन नकोय, त्याला मिनिएचर म्हणजे छोटी मॉडेल्स, इफेक्ट्स, आर्ट डिपार्टमेंट हवंय.

एफटीआयआयच्या, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, डायरेक्शनला ग्रॅज्युएशन लागतं, त्यामुळे तो विषय आत्ता नाहीच. बीएफए म्हणजे फाइन आर्ट्सची डिग्री, तिच्या सीईटीचं, प्रवेश परीक्षेचं बघा. जपानचं म्हणाल तर जपानी भाषा पुण्यात आरामात शिकता येते, जपानला पाठवायची घाई नको.

गच्चीवरचं सामान भंगारात देणार होतात ते तेवढं देऊ नका. त्याचे नीट फोटो काढून, कुठली बिल्डिंग कशी बनवली ते लिहून त्याला स्वतःला मला पाठवू दे.