कॅल्क्युलेटर आणि टार्गेट जुळत नसेल तर

गोळी कुठे लागेल ते सांगणारं ॲप एक सांगतंय आणि टार्गेटवर दुसरंच दिसतंय? तरी बीसीच्या आकड्याला (गोळी हवेचा अडथळा किती सहज कापते तो आकडा) लगेच हात लावू नकोस, भावा. आधी स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, तपास. रिकामी रायफल पक्की बांध, १०० मीटरवर उभी पट्टी लाव आणि टरेट (स्कोपवरची फिरवायची चकती) १० मिल (कोनाचं माप) फिरव. क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली फुली, पट्टीवर बरोबर १ मीटर सरकला पाहिजे. ९७ सेंटीमीटरच सरकला, तर तू उगाच ॲपला शिव्या देतोयस. मग हवेचा दाब बघ. हवामानाच्या बातमीतला आकडा समुद्रसपाटीवर आणलेला असतो, ॲपला जागेवरचा लागतो. उंचावरच्या रेंजवर निम्मा घोळ इथेच. एवढं चोख असेल तरच ॲपमधली मझल व्हेलॉसिटी (गोळी नळीतून सुटतानाचा वेग) जुळव, .३०८ काडतुसाला साधारण ६००-७०० यार्डांवर, तीही बऱ्याच गोळ्यांच्या गटाच्या मध्यावरून. एका गोळीवर विसंबू नकोस. बीसी त्यानंतर, गोळी आवाजाच्या वेगाजवळ मंदावते तिथे. आणि जी१ चा आकडा जी७ च्या रकान्यात नाही ना भरलास? बीसी मोजायच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत.