ओसेलारिसच्या जोडीसोबत दुसऱ्या जातींचे क्लाउनफिश ठेवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात ओसेलारिसची (केशरी अंगावर तीन पांढरे पट्टेवाल्या क्लाउनफिशची) जोडी वर्षभर सुखाने नांदते आहे. आता एक टोमॅटो आणि एक मरून, म्हणजे क्लाउनफिशच्याच आणखी दोन जाती, आणायचा विचार आहे. ‘सगळे क्लाउनफिशच तर आहेत, जमवून घेतील ना?’

नाही घेणार. सगळे क्लाउनफिश आहेत म्हणूनच नाही घेणार. त्याच टँकमध्ये उद्या एखादा फायरफिश, म्हणजे अगदी वेगळ्या कुळातला मासा, सोडलात तर तुमची जोडी त्याच्याकडे फारसं लक्षही देणार नाही. पण दुसरा क्लाउनफिश म्हणजे घरावर हक्क सांगायला आलेला भाऊबंद. भाऊबंदकी कशी असते हे मी सांगायला नको.

आधी मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. माझ्याकडेही ओसेलारिसचीच जोडी होती आणि टँक तुमच्यापेक्षा थोडा मोठा होता. त्यात मी क्लार्की या आणखी एका क्लाउनफिश जातीचं एक पिल्लू सोडलं, अंगठ्याच्या पेराएवढं. पहिले दोन-तीन महिने काहीच झालं नाही. पिल्लू जोडीसमोर गेलं की आडवं होऊन अंग थरथरवायचं. क्लाउनफिशच्या भाषेत ही नांगी टाकणं. ‘तू मोठी, मी लहान, मारू नकोस.’ मादी एक हिसका द्यायची आणि निघून जायची. मी खूश. दोन जाती एकत्र राहत नाहीत म्हणणाऱ्यांना मी मनातल्या मनात वेड्यात काढलं होतं.

मग पिल्लू वाढलं. क्लार्की ओसेलारिसपेक्षा बराच मोठा होतो. एका सकाळी दिवे लागले तेव्हा तो हीटर आणि काचेच्या मधल्या फटीत, अगदी पृष्ठभागाला चिकटून, तोंड वर करून उभा होता. शेपटीच्या काड्या तेवढ्या उरल्या होत्या, मधला पडदा गायब. फाटलेल्या छत्रीसारखी. आणि खाली खडकाच्या कपारीत जोडीने पहिल्यांदाच अंडी घातली होती. वर्षभर गरीब वाटणारी माझी मादी त्या एका रात्रीत बदलली. अंडी आली की नर मादी दोघंही कुणालाच जवळ येऊ देत नाहीत, काच पुसणाऱ्या माझ्या हातालासुद्धा चावायची ती.

यामागचं गणित समजलं की बाकीचं आपोआप समजतं. क्लाउनफिश जन्मतः मादी नसतो. सगळे आधी नर होऊ शकणारे, आणि त्यांतला सर्वात वरचढ तो मादी. तिच्या खालोखालचा एक नर. बाकीचे असतील ते नुसते रांगेत उभे. मादी मेली की नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा नराच्या जागी सरकतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं होतं. २००३ मध्ये पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या परक्युलांचा (ओसेलारिसच्या अगदी जवळच्या क्लाउनफिश जातीचा) अभ्यास करून त्याहून गमतीची गोष्ट दाखवली: खालच्या पायरीवरचा मासा आपली वाढच आवरून धरतो, म्हणजे वरच्याला तो प्रतिस्पर्धी वाटत नाही. मोठा झाला तर हाकलला जाईल, म्हणून लहानच राहतो.

आता यात दुसऱ्या जातीचा मासा आणून सोडा. तो या रांगेत कुठे उभा राहणार? कुठेच नाही. शिवाय क्लार्की, टोमॅटो किंवा मरून ओसेलारिसपेक्षा मोठे होणारे. त्यामुळे सुरुवातीला तुमची जोडी त्याला मारते आणि सहा-आठ महिन्यांनी तो जोडीला मारतो. पाळी तेवढी बदलते.

तुमच्या दोन नावांपैकी मरून तर अजिबातच नको. मादी १५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, आणि ती स्वतःच्या नरालासुद्धा सांभाळून घेत नाही. तिच्या दोन्ही गालांवर लांब काटा असतो. (जाळीने पकडायला गेलात तर तो जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो, म्हणून मरून नेहमी भांड्यात घेऊन हलवायचा.) भरीस भर म्हणून मरूनच्या अंगावर तीन पट्टे असतात, ओसेलारिसच्याही अंगावर तीनच. २०२४ मध्ये ओकिनावा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीच्या किना हायाशी आणि सहकाऱ्यांनी ओसेलारिसच्या पिल्लांसमोर प्लास्टिकचे मासे धरून पाहिले: बिनपट्ट्याचे, एका, दोन आणि तीन पट्ट्यांचे. सर्वात जास्त हल्ले तीन पट्टेवाल्यावर झाले. टोमॅटोला मोठेपणी एकच पट्टा उरतो, तेव्हा तो सुटेल असं वाटेल तुम्हाला. तो सुटेल कदाचित, तुमची जोडी सुटणार नाही. टोमॅटोचा तापटपणा मरूनच्या खालोखालच आहे.

‘पण दुकानातल्या टँकमध्ये चार-चार जाती एकत्र असतात’ हा प्रश्न पुढे येणारच, तर त्याचंही सांगतो. तिथले मासे बहुतेक लहान असतात, दाटीवाटीत असतात, आणि रोज कुणी येतं कुणी जातं. ताबा सांगायला कुणाची जागाच ठरलेली नसते. एसटी स्टँडवर कुणी बाकडं आपल्या नावावर करत नाही, तसंच. घरी आणून महिनाभर झाला की एक कोपरा ‘माझा’ होतो आणि खेळ सुरू होतो.

समुद्रात मात्र काही ठिकाणी दोन जाती एकाच अ‍ॅनिमोनमध्ये, म्हणजे क्लाउनफिशचं घर असलेल्या समुद्रफुलात, राहतात हे खरं आहे. क्लार्की आणि एखादा स्कंक क्लाउनफिश असे सोबत दिसतात. पण तिथलं समुद्रफूल मीटरभर रुंद असू शकतं आणि हरलेल्याला पळायला अख्खा खडक असतो. तुमच्या १८० लिटरमध्ये पळून पळून जाणार कुठे, तर हीटरच्या मागे. दोन अ‍ॅनिमोन ठेवून दोन घरं करून देण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. पण बबल टिप (टँकमध्ये ठेवतात ती अ‍ॅनिमोनची जात) ही चालणारी वस्तू आहे. आज डाव्या कोपऱ्यात लावलेली आठवड्याने उजवीकडे सापडते, आणि मासे तिच्यामागे जातात. सीमारेषा राहते कुठे?

सगळ्यात कमी धोक्याचं मिश्रण म्हणजे ओसेलारिस आणि परक्युला. दोन्ही एका वेळी, दोन्ही लहान असतानाच सोडायचे. दोघं इतके जवळचे की त्यांची जोडीही लागते. पण तुमच्याकडे आधीच पक्की जोडी आहे, म्हणजे ती वाटही बंद. त्याच जातीचा तिसरासुद्धा आता आणू नका. जोडी ठरली की तिसऱ्याची गत माझ्या क्लार्कीसारखीच होते.

तुम्हाला खरं तर रंगांची विविधता हवी आहे असं मला वाटतं. मग क्लाउनफिशचा हट्ट सोडा. रॉयल ग्रामा आणा, अर्धा जांभळा अर्धा पिवळा, जोडीशी त्याचं काही वाकडं नसतं. किंवा गोबी आणि पिस्टल झिंग्याची जोडगोळी आणा. झिंगा दिवसभर बीळ खणतो आणि गोबी दारात पहारा देतो. तासभर बघत बसाल. क्लाउनफिशच हवे असतील तर दुसरा टँक, आणि त्यात काळे ओसेलारिस. ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या बाजूचे. जात तीच, रूप वेगळं.

आणि हे वाचेपर्यंत तुम्ही मासे आणले असतीलच (मी तुमच्या जागी असतो तर आणले असते), तर नवीन मासा थेट सोडू नका. आधी काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून बघा, कारण ब्रुकलिनेला नावाचा परजीवी क्लाउनफिशच्या मागे हात धुऊन लागतो आणि आलाच तर अख्खी जोडी घेऊन जातो. मग टँकमध्येच एक भोकांची प्लास्टिकची चाळणी पाण्यात अर्धी बुडेल अशी अडकवा आणि त्याला तिच्यात ठेवा. एकमेकांना बघू देत, चावता येऊ नये. मादी चाळणीवर धडका मारत राहिली तर उत्तर मिळालं. बाहेर काढल्यावर नुसता पाठलाग झाला तर घाबरू नका. पण पंख फाटले, खाणं सुटलं किंवा मासा वरच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला तर त्याच दिवशी काढा. ‘उद्या बघू’ म्हणालात तर उद्या मासा नसतो.

माझा क्लार्की वाचला. महिनाभर चाळणीत होता, शेपटी पूर्ण भरून आली, आता वेगळ्या टँकमध्ये एकटाच ऐटीत फिरतो. फिरतो म्हणतोय खरा, पण इतके दिवस त्याच्यावर कुणीच वरचढ नाही, म्हणजे एव्हाना ‘फिरते’ म्हणायला हवं.