परिचर्या शिक्षणात सिम्युलेशनचे तास किती असावेत?

प्रश्न : माझी मुलगी फ्लोरिडातील एका महाविद्यालयात परिचर्येची पदवी घेत आहे. या सत्रात तिचे निम्म्याहून अधिक क्लिनिकल तास रुग्णालयाऐवजी प्रयोगशाळेत, मॅनिकिनवर (रुग्णाच्या कृत्रिम पुतळ्यावर) होत आहेत. हे नियमात बसते का? आणि अशाने तिचा हात कच्चा राहणार नाही ना? — एक आई, टॅम्पा

उत्तर : अमेरिकेत परिचर्या अभ्यासक्रमांची मान्यता आणि परवाने राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे सिम्युलेशनची, म्हणजे मॅनिकिनसारख्या साधनांनी रुग्णसेवेचे प्रसंग उभे करून घेतलेल्या सरावाची, मर्यादा राज्यागणिक बदलते. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार क्लिनिकल प्रशिक्षणाचा जास्तीत जास्त ५० टक्के भाग सिम्युलेशनने देता येतो. मात्र ही मर्यादा अभ्यासक्रमातील एकूण क्लिनिकल प्रशिक्षणाला आहे, त्यामुळे एकाच सत्रावरून नियमभंग ठरत नाही. सर्व सत्रांची बेरीज महाविद्यालयाकडे मागा. सिम्युलेशनचा एक तास क्लिनिकलचा एक धरला जातो की दोन, हेही विचारा. बेरीज पुष्कळदा तिथेच बदलते.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० संस्थांतील विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाचे १० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याचे २५ टक्के आणि तिसऱ्याचे ५० टक्के क्लिनिकल तास सिम्युलेशनने झाले. अभ्यास पूर्ण करणाऱ्या ६६६ जणांच्या ज्ञानात, परवाना परीक्षेच्या निकालात आणि नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनात लक्षणीय फरक आढळला नाही. पण त्या संस्थांतील शिक्षकांना सिम्युलेशन घेण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण मिळालेले होते, आणि प्रत्येक प्रसंगानंतर पद्धतशीर डीब्रीफिंग, म्हणजे काय केले, का केले आणि काय निसटले याची शिक्षकांसोबत चर्चा, होत असे. ही व्यवस्था जिथे नाही, तिथे या निष्कर्षाचा हवाला देणे मला योग्य वाटत नाही. म्हणून मुलीला टक्केवारीपेक्षा आधी हे विचारा की रक्तदाब झपाट्याने घसरणाऱ्या रुग्णाचा प्रसंग संपल्यावर तिच्याशी कोण, किती वेळ बोलते. नुसते गुण देऊन पुढचा गट आत घेतला जात असेल, तर आपली काळजी रास्त आहे आणि ती विभागप्रमुखांकडे लेखी मांडावी.

पुढे कॅलिफोर्नियात नोकरी करण्याचा विचार असेल, तर एक बाब आताच लक्षात घ्या. एका राज्याचा परवाना इतर सदस्य राज्यांत चालावा यासाठीच्या आंतरराज्य करारात फ्लोरिडा आहे, कॅलिफोर्निया नाही. तिथे वेगळा परवाना घ्यावा लागतो. तिथल्या अभ्यासक्रमांना प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ५०० तास बंधनकारक असून प्रौढांची वैद्यकीय-शल्य परिचर्या, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य आणि वृद्धसेवा यांपैकी प्रत्येकात किमान ३० तास व्हावे लागतात. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याने कोणती कागदपत्रे द्यावी, हे तिथल्या मंडळाला आधीच लिहून विचारावे. मुलीने मात्र आजपासूनच कोणत्या विभागात, प्रत्यक्ष रुग्णाजवळ किती तास आणि मॅनिकिनवर किती, याची तारीखवार नोंद ठेवावी आणि सत्र संपताच ती महाविद्यालयाकडून प्रमाणित करून घ्यावी.