दोन मॉनिटरवर वेगवेगळे वॉलपेपर कसे लावायचे? वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का?

नाही लागत. एक रुपयासुद्धा देऊ नका कुणाला.

विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंगमध्ये पर्सनलायझेशन, त्यात बॅकग्राउंड, तिथं पिक्चर निवडून खाली जे छोटे फोटो दिसतात त्यावर राईट क्लिक करा, सेट फॉर मॉनिटर येतं, त्यात एक की दोन ते निवडा. साधं क्लिक केलं की दोन्हीकडं तोच फोटो बसतो, लोक इथंच फसतात आणि मग सॉफ्टवेअर शोधत बसतात.

आता हे मी एवढं तावातावानं का लिहितोय ते सांगतो. मी सोलापुरात टॉवेल-चादरीचे डिझाइन करतो, जेकॉर्डचे, म्हणजे मागावर विणूनच काढलेल्या नक्षीचे. विंडोज ७ च्या काळातली गोष्ट. मालकांनी नवा १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर आणला, जुना चौकोनी १२८० बाय १०२४ चा डावीकडं सरकवला, आणि म्हणाले एकावर सिद्धेश्वर मंदिर पाहिजे, दुसऱ्यावर आमचे अप्पा. अप्पा म्हणजे त्यांचे वडील, त्याच वर्षी वारले होते. आमचा कॉम्प्युटरवाला आला, दोन मिनिटं माऊस हलवला आणि म्हणाला सेव्हनमध्ये होतच नाही, दुसरं ग्राफिक कार्ड घ्या. वर तीनशे रुपये व्हिजिटचे घेतले! न झालेल्या कामाचे.

मला राग आला. मी पेंटमध्ये दोन्ही फोटो, आधी अप्पा मग देऊळ, शेजारीशेजारी चिकटवून २६४६ रुंदीचा एकच फोटो केला आणि टाईल करून लावला, म्हणजे फरशीसारखा तोच फोटो परत परत बसतो तसा. तर अप्पा उजवीकडं आणि देऊळ डावीकडं, शिवाय अप्पांच्या कानाशेजारी देवळाची एक पट्टी. कारण सेव्हनमध्ये टाईल सुरू होते ती मेन मॉनिटरच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, आणि आमचा मेन उजवीकडं होता. ठीक, पेंटमध्ये बाजू बदलल्या, आधी देऊळ मग अप्पा. बसलं बरोबर, मी खुशीत मालकांना हाक मारली. मालक आले, बघतच राहिले. अप्पांच्या हाराखाली परत अप्पांची टोपी, कपाळ आणि दोन डोळे! मालक म्हणाले, "काय बे, अप्पा परत खालून का बघायलेत?"

फोटोची उंची मी ७६८ ठेवली होती आणि तो मॉनिटर १०२४ चा, म्हणजे खालच्या २५६ पिक्सेलमध्ये फोटो परत वरून सुरू झालेला. अहो हा तर रिपीट! चादरीत मोराच्या पायाखाली दुसऱ्या मोराचा तुरा येतो तसा. आयुष्यभर रिपीट जुळवतोय आणि इथं डोक्यात आलं नाही. फोटोखाली पांढरी जागा वाढवून उंची १०२४ केली, बसलं. ग्राफिक कार्ड नाही, काही नाही.

नंतर विंडोज ८ मध्ये, २०१२ ला, ही सोय मायक्रोसॉफ्टनंच दिली. आणि २०२० च्या १४ जानेवारीला, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसात, सेव्हनचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, बंद केला, त्यामुळं टाईलचा खटाटोप आता कुणी करू नये, त्या मशीनला नेट तर अजिबात जोडू नये. आमचं अजून चालू आहे, पण ते फक्त जुन्या डिझाइनच्या फायलींसाठी.

हां, एक राहिलं. दोन्ही मॉनिटरवर एकच स्क्रीन दिसत असेल, म्हणजे डुप्लिकेट असेल, तर वरचं काहीच चालणार नाही, आधी कीबोर्डवरची विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून एक्स्टेंड करा. कुठला एक नि कुठला दोन ते डिस्प्ले सेटिंगमध्ये आयडेंटिफाय दाबलं की आकडे येतात. ऑफिसचं मशीन असेल आणि वॉलपेपर त्यांनी लॉक केला असेल तर मात्र नाद सोडा.

आणि तसं बघितलं तर कॉम्प्युटरवाला अर्धा बरोबर होता, सेव्हनमध्ये दोन वेगळे फोटो खरंच लावता येत नव्हते, मी लावला तो एकच होता. पण मग तसं सांगायचं ना, ग्राफिक कार्ड कुठून आलं मध्ये? मागच्या महिन्यात नव्या पेठेत चहाच्या गाड्यावर भेटला, अजून तेच म्हणतोय, होतच नाही. म्हटलं चल कारखान्यात, अप्पा अजून आहेत स्क्रीनवर. आला नाही. चहाचे पैसे पण मीच दिले.